आत माणूस हाय

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कुणाला हाक मारली नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते आहे. मनमाडला आमच्या गल्लीत दिवे लागायच्या वेळेला प्रत्येक ओट्यावरून एकेक बाई आपापल्या पोरांच्या नावाने ठणाणा करायची. पोरं ऐकून न ऐकल्यासारखं करायची, मग शिव्या, मग पाठीत धपाटा, असं सगळं रीतसर चालायचं. आमच्याकडे मात्र आबा चपला घालून निघायचे. गल्ली संपवून, मैदान ओलांडून, आम्ही जिथे खेळत असू तिथे येऊन समोर उभे राहायचे. तोंडातून शब्द नाही. आमचं लक्ष जाईपर्यंत नुसते उभे. मैत्रिणी म्हणायच्या, "रोहिणी, तुझा सिग्नल आला बघ." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आबांचं नाव भिकन. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून हे भीक मागून घेतलेलं पोर. आजीने नाना नवस बोलून, फाटक्या कपड्यात गुंडाळून ते वाढवलं आणि मिसरूड फुटायच्या सुमाराला रेल्वेच्या हवाली केलं. नांदगावकडच्या खेड्यात तेव्हा दुसरं काय होतं? आमच्या वस्तीतल्या बाप्यांना गावात मिळायची ती कामं नको होती, आणि रेल्वे कुणाची जात विचारत नाही असं आजोबा म्हणायचे. विचारत होती, पण गावापेक्षा हळू आवाजात. आबा आधी हंगामी मजूर होते. इंजिनांसाठीचा कोळसा उतरवायचे. मग त्यांना यार्डात घेतलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते यार्डातच राहिले.

यार्ड म्हणजे काय हे नाशिकला इंदिरानगरमधल्या माझ्या शेजारणींना सांगून मी थकले. त्यांना रेल्वे म्हटलं की टीसी नाहीतर ड्रायव्हर. पण गाडी काही आभाळातून जुळून येत नाही. इकडून आलेले डबे तोडायचे, तिकडे जाणाऱ्या डब्यांना जोडायचे, कुठला डबा कुठल्या रुळावर ढकलायचा, हे सगळं स्टेशनापासून लांब, पसरलेल्या रुळांच्या जंजाळात चालतं. त्याला शंटिंग म्हणतात. इंजिन एक डबा हळूहळू ढकलत आणतं. दोन डब्यांच्या मध्ये माणूस वाकून शिरतो, जड लोखंडी कडी उचलून समोरच्या आकड्यात अडकवतो, फिरवून आवळतो, बाहेर येतो आणि हात वर करतो. हात दिसला की इंजिन हलायचं. हात दिसत नाही तोवर सगळं जग थांबलेलं. हे काम माझ्या बापाने केलं. उन्हात लोखंड भाजायचं, थंडीत चटका द्यायचं. दोन्ही हातांची बोटं पुढे पुढे सरळ व्हायचीच नाहीत, जेवताना घास सांडायचा.

हाकेचं कारण मला आईने सांगितलं. आबांनी स्वतः कधी तोंड उघडलं नाही. त्यांची पहिली नेमणूक दुसऱ्याच एका यार्डात होती. तिथे पुंजाराम नावाचा मुकादम होता आणि नाथा नावाचा त्यांच्याच वयाचा जोडीदार. पुंजारामने दोघांना पोटच्या पोरांसारखं शिकवलं होतं. डबे पुरते थांबल्याशिवाय मध्ये जायचं नाही असा नियम, पण नियमाने कामं उरकत नसत, म्हणून डबा सरकत येत असतानाच पोरं आत जाऊन वाकून थांबायची. डब्यांच्या टोकांना बफर असतात, ताटाएवढ्या लोखंडी चकत्या लावलेले जाड दांडे. ते डोक्यावरून एकमेकांना येऊन भिडायचे आणि ही खाली वाकलेली. एका दुपारी चहा आला. पुंजारामने नाथाला हाक मारली. मायेनेच मारली, चहा गार होईल म्हणून. नाथाने 'ओ' दिली आणि ओ देताना माणूस जसं करतो तसं केलं, मान वर करून आवाजाच्या दिशेला बघितलं.

आबा दोन पावलांवर उभे होते.

त्या दिवसानंतर यार्डातला नियम आबांच्या अंगात शिरला तो कायमचा. आत गेलेल्या माणसाला हाक मारायची नाही. तो त्याच्या हिशेबाने बाहेर येईल, हात वर करेल, तोवर आपण गप उभं राहायचं. यार्डात हे ठीकच होतं. मनमाडला बदली झाल्यावर नव्या पोरांना ते हेच पहिलं शिकवायचे, आणि त्यांच्या हाताखाली कुणाला खरचटलं नाही म्हणून साहेब लोकही त्यांना मान द्यायचे. पण माणूस कामावरून घरी येताना चपला बाहेर काढतो, हे बाहेर काढून ठेवता येत नाही. आमच्या घरात बंद दाराला हाक मारायला बंदी होती. संडासात कुणी असेल, आंघोळीला गेलं असेल, कुणी शिडीवर चढलं असेल, स्टो पेटवत असेल, तर त्याला नावाने बोलवायचं नाही. वाट बघायची. घर पेटलं तरी वाट बघायची की काय, असं मी एकदा विचारलं होतं. आबांना चेष्टा कळायची, पण या बाबतीत नाही.

आईचं नाव मालनबाई, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू व्हायचा तो दिवस बुडाल्यावरच थांबायचा. असा मुका नवरा आणि अशी बडबडी बायको कुणी जोडली कोण जाणे, पण ती जोडी फार छान जमली. ती बोलायची, ते ऐकायचे. आंघोळीहून बाहेर येताना ती मुद्दाम उजवा हात वर करायची आणि म्हणायची, "घ्या, आली बाहेर तुमची मालगाडी. सोडा इंजिन." आबांच्या ओठांचा एक कोपरा हलायचा. तेवढंच त्यांचं हसू. आम्ही दोघं भावंडंही तसंच करायचो. मी लग्न होऊन सासरी गेले तेव्हा पहिल्याच सकाळी न्हाणीतून हात वर करून बाहेर आले आणि सासूबाई घाबरून मागे सरकल्या.

धाकटा भाऊ संघर्ष. तो आबांसारखा दिसतो आणि आईसारखा बोलतो, त्यामुळे सगळ्यांना हवाहवासा. आबांनी त्याला रेल्वेत जाऊ दिलं नाही. "तू खुर्चीवर बस," एवढंच म्हणाले. संघर्ष सातपूरच्या एका कंपनीत लागला, गंगापूर रोडला त्याने फ्लॅट घेतला. मी नाशिकलाच शिक्षिका. नाकावर राग घेऊन जन्माला आले आणि गणित शिकवते, त्यामुळे शाळेत माझ्या वाटेला कुणी जात नाही. आईआबांना आम्ही नाशिकला या म्हणून किती मिनतवाऱ्या केल्या. आई म्हणायची, "तुमच्या नळाला रोज पाणी येतं, मला करमायचं नाही."

ती चेष्टा होती, पण मनमाडकरांना ती बरोबर कळेल. तिथे नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा. कित्येक दिवसांनी येणार, म्हणून त्या दिवशी कामाला कुणी जात नाही, लग्नाला कुणी जात नाही. ड्रम, टाक्या, हंडे, पातेली, जे पोकळ दिसेल ते भरायचं. मनमाडची बाई दूध उतू जाऊ देईल, पाणी उतू जाऊ देणार नाही. आबांच्या निवृत्तीनंतर बांधलेल्या घरात बाथरूममध्येच मोठा ड्रम होता. पाण्याच्या दिवशी आई सगळी धुणी घेऊन आत शिरायची, कडी लावायची, ड्रम भरता भरता कपडे धुवायची, मग डोक्यावरून आंघोळ करायची. ती आत गेली की तासन्तास आत. आबा बाहेर खुर्ची टाकून बसायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत, पौर्णिमेच्या दिवशी सकाळी पाणी आलं. आईला दुपारी विहारात जायचं होतं. पांढरी साडी तिने खाटेवर काढून ठेवली आणि ती धुणं घेऊन आत गेली. पुढचं मी शेजारच्या शकुबाईंकडून ऐकलं आणि आबांकडूनही ऐकलं, आणि दोघांचं तंतोतंत जुळतं. आबांनी स्वतःला वाचवायला एक शब्दही इकडचा तिकडे केलेला नाही.

आधी आईचा आवाज येत होता. ती आतूनही बोलायचीच. मग बोलणं थांबलं. मग तांब्या पडल्याचा आवाज आला, त्यामागून आणखी काहीतरी जड. आबा खुर्चीवरून उठले, दारापाशी गेले, आणि उभे राहिले.

"मग?" मी त्यांना विचारलं होतं.

"मग थांबलो."

"का थांबलात?"

"आत माणूस हाय," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "आत माणूस व्हता."

ड्रम भरला आणि वाहायला लागला. दाराखालून पाणी आलं, आबांच्या पायाखालून गेलं, उंबरा ओलांडून गटारीला लागलं. आबा त्या पाण्यात उभे. गटारीतून स्वच्छ पाणी वाहतंय हे पलीकडच्या शकुबाईंनी बघितलं आणि त्या ओरडतच आल्या, "अवं मालनबाय, पाणी वाया चाललं नं! झोपली का काय वं?" आत येऊन बघतात तर आबा दारासमोर उभे, पाय ओले, डोळे दारावर. शकुबाईंनी दारावर हात आपटायला घेतला आणि आबांनी त्यांचा हात धरला.

"थांबा. हाक नका मारू. आत माणूस हाय."

शकुबाईंनी आबांना ढकललं, दोन पोरांना बोलावून दार तोडलं. आई ओल्या कपड्यांवर आडवी पडलेली होती. श्वास चालू होता.

मनमाडहून नाशिकला आणेपर्यंतही श्वास चालू होता. रुग्णालयाच्या दाराशी मी होते. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. आत नेऊन थोड्या वेळाने बाहेर आले आणि मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाले, मेंदूत रक्तस्राव आहे, बराच वेळ पडून होत्या का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, "लवकर आल्या असत्या तर शक्यता होती हो. चांगली शक्यता होती." मी मान हलवली. आई संध्याकाळी गेली. तिला डोळे उघडून आम्हाला बघताही आलं नाही. इतकी बोलणारी बाई एक शब्द न बोलता गेली, हे मला अजून पटत नाही.

संघर्षला शकुबाईंनीच सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्याही भेदरलेल्या होत्या. आईला पोचवून आल्यावर, माणसं अंगणात बसलेली असताना, तो आबांसमोर जाऊन उभा राहिला. "साधी हाक मारता आली नाही तुम्हाला? दार वाजवता आलं नाही?" आबांनी वर बघितलं नाही. "त्या शकुबाईंचा हात धरलात तुम्ही! माझी आई आत मरत होती आणि तुम्ही हात धरलात!" लोकांनी त्याला बाजूला नेलं. त्यानंतर तो आबांशी बोलला नाही. माझ्याकडे यायचा, मला भेटायचा, आबा बसलेल्या खोलीत डोकावायचा नाही. मला त्याचा राग यायचा आणि मला त्याचं पटायचंही. रात्रंदिवस मी मनातल्या मनात हेच ओरडत होते, फक्त तो मोठ्याने ओरडला होता.

आबांना मी इंदिरानगरला आणलं. माझा नवरा दीपक शांत माणूस, त्याने स्वतःची खोली त्यांना दिली. मुलगी मनाली कॉलेजात. आबा आले आणि आमच्या घरातली दारं बंद होणं अवघड झालं. मनाली अभ्यासाला दार लावून बसली की ते बाहेर खुर्ची टाकून बसायचे. मी आंघोळीला गेले की दाराखाली त्यांच्या पावलांची सावली. हाक मात्र नाहीच. ती घशात यायची आणि तिथेच अडकायची, मला दिसायचं ते. पण जीव टांगणीला लावून बसायचे, आणि माणूस बाहेर आला की त्याच्याकडे असं बघायचे की बाहेर येणाऱ्यालाच शरम वाटावी. एक दिवस मी शाळेतून आले तर घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या काढून टेबलावर ओळीने ठेवलेल्या. स्क्रूसकट. वाकड्या बोटांनी दिवसभर तेच केलं होतं. मी असा काही आवाज चढवला की खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या. आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता कोणी आत ऱ्हायचं नाय." मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला आणि कुकरच्या शिट्ट्यांच्या आडून रडून घेतलं. कड्या आम्ही परत लावल्या नाहीत. दीपक म्हणाला, गाणं म्हणत आंघोळ करू, काय बिघडतं?

आणि रोज चहाच्या वेळी एक प्रश्न. मी शाळेतून येऊन चहा टाकला, कप त्यांच्यासमोर ठेवला, की विचारायचे,

"डॉक्टर काय म्हणला व्हता?"

"काही उपयोग नव्हता म्हणाले."

"लवकर नेलं असतं तरी?"

"तरी."

ते माझ्याकडे बघायचे. मग चहा बशीत ओतायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला आधी वाटलं विसरतात, वयाने होतं. पण त्यांना बाकी सगळं आठवायचं, मनालीची परीक्षा आठवायची, गॅसचं सिलिंडर कधी लावलं ते आठवायचं. मग वाटलं, दिलासा मिळतो म्हणून विचारतात, तर मिळू दे. मी वर्गात पोरांना खोटं बोललं म्हणून उभं करणारी बाई, आणि रोज चार वाजता बापाशी खोटं बोलत होते. शेवटी शेवटी चिडून बोलायचे. "किती वेळा सांगू आबा? नव्हता उपयोग! नव्हता!" ते दिवसेंदिवस आक्रसत चालले होते. जेवण अर्ध्यावर आलं. दाढी करेनात. बोलणं तर आधीच बेताचं, ते चहाच्या प्रश्नापुरतं उरलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शरीर ठीक आहे. मला भीती वाटायची की एक दिवस ते प्रश्नही विचारायचे थांबतील आणि मग त्यांच्यात काहीच उरणार नाही.

आईच्या दुसऱ्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन मनमाडच्या घरीच करायचं ठरलं. आबांचा हट्ट. दोन वर्षं बंद असलेलं घर शकुबाईंनी झाडून ठेवलं. विहारातून भंतेजी आले, वंदना झाली, माणसं खीर जेवून आईच्या बोलण्याच्या आठवणी सांगत पांगली. संघर्षही आला होता. तो दारात बसला, आबा आत भिंतीला टेकून, मी मध्ये. शकुबाई भांडी आवरत होत्या. बाथरूमला नवं दार बसवलं होतं, ते उघडंच होतं, आणि आबांची नजर तिकडेच लागलेली.

मी चहा केला. कप त्यांच्यासमोर ठेवला. प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि संघर्ष ऐकत होता.

"डॉक्टर काय म्हणला व्हता?"

"आबा, आज नको ना."

"काय म्हणला?"

"काही उपयोग नव्हता म्हणाले."

संघर्षने कप खाली ठेवला. मला वाटलं आता हा उठणार आणि पुन्हा दोन वर्षांपूर्वीचं सगळं होणार. पण त्याच्या आधी आबाच बोलले. ते एवढं लांब बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"पुंजारामला पण सगळे हेच म्हणायचे. तुझा दोष नाय, नाथाचा टाइम भरला व्हता. साहेब म्हणला, नाथाची बायको म्हणली. मी पण म्हणलो. रोज जाऊन म्हणायचो. तो माझ्याकडं बघायचा, म्हणायचा, भिकन, तू तर तिथं व्हता. खरं बोल. मी म्हणायचो, दोष नाय काका. त्याला कोणी एकानं खरं सांगितलं नाय. तो खुळा झाला. रुळावर बसून ऱ्हायचा, आल्यागेल्याला विचारायचा. आम्हाला वाटायचं आम्ही त्याच्यावर माया करतोय." त्यांनी वाकडी बोटं एकमेकांत अडकवली. "रोहिणी, मला खुळं नाय व्हायचं. तू शाळेत पोरांना खरं शिकवते ना? मला सांग."

मी संघर्षकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते आणि तो नाही नाही अशी मान हलवत होता. दोन वर्षं जो माणूस आबांना खरं ऐकवायला आसुसला होता, तोच आता मला सांगू नको म्हणत होता.

मी सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर शक्यता होती."

"किती?"

"चांगली शक्यता होती म्हणाले."

"म्हणजे तांब्या पडला तवा मी हाक मारली असती तर?"

"तर कदाचित आई असती, आबा."

बोलून झाल्यावर मला वाटलं मी त्यांना मारलं. पण आबांनी मोठा श्वास घेतला, आणि सोडला, आणि त्यांच्या तोंडावर इतक्या दिवसांचं जे काहीतरी ताणलेलं होतं ते सैल पडलं. ते रडायला लागले. आईला नेलं तेव्हा ते रडले नव्हते. "बरं," ते म्हणाले. "बरं. हाक मारायला पायजे व्हती." रडतच चहा संपवला, एक थेंब न ठेवता. कप बाजूला केला आणि भिंतीला धरून उठले.

मी आणि संघर्ष दोघेही उठलो. त्यांनी हातानेच आम्हाला थांबवलं. ते बाथरूमपाशी गेले. आत कोरडं ठाक होतं, ड्रम पालथा घातलेला. त्यांनी ते उघडं दार ओढून घेतलं, बंद केलं, आणि त्याच्यासमोर उभे राहिले. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. पुन्हा उघडलं. मानेच्या शिरा फुगलेल्या मला मागून दिसत होत्या.

"मालन!"

आईचं नाव त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्या पिढीत कुणी घेत नसे. आणि आवाज केवढा! खरखरीत, उघडा, सगळ्या यार्डाला ऐकू जावा असा. शकुबाईंच्या हातातलं पातेलं निसटलं. गल्लीतल्या बायका दारांत आल्या. आबांनी दार बडवायला सुरुवात केली, दोन्ही हातांनी, त्या सरळ न होणाऱ्या बोटांनी.

"मालन! ए मालन! भाहेर ये!"

संघर्ष पुढे झाला, आबांना धरायला. मी त्याचा हात धरून त्याला थांबवलं. तो खाली जमिनीवर बसला आणि आबांच्या पायाला मिठी मारून लहान मुलासारखा रडू लागला. आबांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ते हाका मारत राहिले. आवाज फुटला, चिरकला, तरी मारत राहिले. आत कुणी नाही हे आम्हाला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. तरी प्रत्येक हाकेनंतर ते दाराला कान लावून, ती 'ओ' देईल एवढा वेळ थांबत होते.